कडकचा सोमवार

कडकला तिच्या तोंडावर कडक म्हणणारी मी आता एकटीच उरले आहे. बाकीचे लोक कडकबाई म्हणतात, आणि तेही जरा आवाज खाली घेऊन. हे नाव तिला शाळेत पडलं ते कपड्यांना घालतात त्या खळीमुळे. तिच्या आईची लाँड्री होती आणि कडकच्या गणवेशाची कॉलर इतकी ताठ असायची की तिला मान वळवून मागच्या बाकावर बघता यायचं नाही, आख्खी वळायची. पुढे स्वभावही कॉलरसारखाच झाला. कोणी दुकानात येऊन घाई केली की ती म्हणते, "घाई असेल तर चुरगळलेलंच घाला, छान दिसेल."

दुकान आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. एक लांब टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी, घोंगडीवर इस्त्रीचे तपकिरी त्रिकोण. कोपऱ्यात पाण्याची बाटली, बुचाला खिळ्यानं पाडलेली भोकं. मागे धुण्याची मोरी, आणि मोरीच्या दाराबाहेर एक जुनं झाड. त्या झाडाचा या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून लक्षात ठेवा.

मी कोण ते सांगते. मी शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. राग माझ्या नाकावर असतो हे मला माहीत आहे, आणि तो खाली उतरवायचा प्रयत्न मी कधी केलेला नाही. कडक आणि मी एका वर्गातल्या, एका चर्चमधल्या, आता दोघी त्रेसष्टच्या.

दर सोमवारी सकाळी कडक रविवारची कापडं धुते. वेदीवरचं मोठं कापड, त्याखालचं जाड कापड आणि प्रभुभोजनाचा प्याला पुसायचे रुमाल. रुमालांचं काम नाजूक. एक माणूस प्यायला की प्याल्याची कड रुमालानं पुसायची आणि पुढच्याच्या ओठाला लावायची, अशी आमच्याकडची रीत. म्हणजे रविवार संपला की सगळ्या मंडळीचे ओठ त्या रुमालांवर उमटलेले असतात. कडकला बघून कळायचं, कोण ओठ रंगवून आलं होतं, कोणाच्या मिशा वाढल्यात, कोण घोट जरा मोठा घेतं. ती एकदा मला म्हणाली होती, "तुझे पाळक बदलतात. मी मंडळीला जास्त ओळखते." हे रुमाल ती पहिल्यांदा साध्या पाण्यात खळबळते आणि ते पाणी मोरीत न सोडता झाडाच्या मुळाशी ओतते. प्याल्यातला द्राक्षारस गटारात जाऊ नये म्हणून तिची आई तसं ओतायची, म्हणून तीही. मग साबण, मग खळ, मग इस्त्री. या कामाचा मोबदला तिनं कधी घेतला नाही. कोणी विषय काढला तर अशी बघायची की पुन्हा काढायची छाती व्हायची नाही.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे नवे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले. पोरगेलेसे, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आल्या आल्या त्यांनी मोठ्यांचा वर्ग काढला, दर बुधवारी दुपारी चार वाजता, चर्चच्या मागच्या खोलीत. आम्ही ल्युथरन लोक पंधराव्या वर्षी दृढीकरण उरकतो. दोन वर्षं धर्मशिक्षण, मग मंडळीपुढे उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यायची, पहिलं प्रभुभोजन घ्यायचं, आणि मग शिकलेलं सगळं पेटीत बंद करून आयुष्यभर चावी शोधायची नाही. पाळक म्हणाले, "पंधराव्या वर्षी शिवलेला सदरा पन्नाशीत कसा बसेल? पुन्हा माप घ्यायला हवं." शिकवायला त्यांनी मला हाताशी घेतलं, कारण मला दहाच्या दहा आज्ञा त्यांच्या अर्थासह पाठ आहेत. दुसऱ्याला पाठ नसल्या तर मला सहन होत नाही, हे त्यांना नंतर कळलं.

वर्गात सहा जण यायचे. नळदुरुस्तीवाला, एक निवृत्त नर्स, एक नवं जोडपं, नर्सची जाऊ. सहावी कडक. ती मात्र "मी नुसती ऐकायला बसते" म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसायची आणि गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावायची. सगळ्यांना वाटलं, माझ्या सोबतीला येते. मलाही तसंच वाटलं. पाळकांची पद्धत अशी की उत्तर पाठ म्हटलं तरी लगेच विचारायचे, "आता तुमच्या शब्दांत?" इथे आमची दांडी गुल व्हायची. नळवाला घामाघूम होऊन म्हणाला, "त्यापेक्षा टाकी साफ करून देतो."

प्रभुभोजनाच्या धड्याला पाळक आजारी होते, वर्ग मी एकटीच घेत होते. कडकनं सुई थांबवून विचारलं, "भाकर देताना 'तुमच्यासाठी' म्हणतात ना. ते नक्की कोणाला म्हणतात?"

"जे समोर असतील त्यांना."

"आणि जे समोर नसतील?"

"त्यांनी समोर यावं!" मी म्हणाले. "कोणी हात धरलाय त्यांचा?"

वर्ग हसला. कडकनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं बटण घेतलं. मी पुढच्या धड्याकडे वळले. नीट उत्तर दिलं असंच मला तेव्हा वाटत होतं, हे मी इथे कबूल करते.

त्यानंतर महिन्याभरानं, भर दुपारी, कडक माझ्या घरी आली. दुपारी ती दुकान सोडत नाही, त्यामुळे दारात बघून मी आधी तिला आत ओढलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. पाणी दिलं, ते प्यायली नाही.

"माझ्या नातीचं दृढीकरण आहे, दोन आठवड्यांनी," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीच तिची उजळणी घेतेय. आज्ञा सहावी आणि सातवी उलटसुलट करते."

"पहिल्या भोजनाला घरचं एक मोठं माणूस शेजारी गुडघे टेकतं ना. तिनं माझं नाव दिलंय."

नातीची आई, म्हणजे कडकची मुलगी, परगावी नोकरीला असते. पोर आजीकडेच वाढलेली. तिनं आजीचं नाव द्यावं यात नवल काही नव्हतं. "मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"मला भोजन घेता येणार नाही."

"का? साखर वाढलीय का?"

"कधी घेतलेलंच नाही," कडक म्हणाली. "माझं दृढीकरण झालेलं नाही."

मी हसलेच. म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, आपण एका वर्गात होतो, दोन वर्षं शेजारी बसत होतो. तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग मी आठवायला लागले. प्रभुभोजन सुरू व्हायच्या आधीच्या गीताला कडक उठायची आणि वेदीमागच्या खोलीत जायची, रुमालांसाठी पाणी काढून ठेवायला. केवढी कर्तव्यदक्ष बाई, असं आम्ही म्हणायचो. आमच्याकडे रविवारी दोन उपासना होतात, सातची आणि साडेनऊची, आणि कडक कधी या उपासनेला दिसायची तर कधी त्या. सातच्या लोकांना वाटायचं ती साडेनऊला भोजन घेते. साडेनऊच्या लोकांना वाटायचं सातला घेऊन आली. अठ्ठेचाळीस वर्षं दोन्हीकडची माणसं निर्धास्त होती.

"पण त्या दिवशी तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"दुकानात," ती म्हणाली. "आदल्या दिवशी आईच्या दोन्ही हातांवर उकळती खळ सांडली. तुम्हा सगळ्या मुलींचे पांढरे फ्रॉक आमच्याकडे आले होते. अकरा. पहाटे उठून बसले इस्त्रीला. तुझा नववा होता, गळ्याला लेस होती. लेस फार वेळ खाते."

मला तो फ्रॉक आठवला. इतका ताठ होता की बसल्यावरही खाली बसत नव्हता. मी दिवसभर त्या फ्रॉकमध्ये मिरवले होते.

"बारावा माझा. घंटा झाली तेव्हा तो नुसता पिळून ठेवलेला होता."

"मग तसाच घालून यायचं!"

"चुरगळलेला? वेदीपुढे?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला अनवाणी फिरायला सांगितलं. "म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी आईचे हात चालेनात, दुकान माझ्यावर आलं. मग तेव्हाचे पाळक बदलले, पुढचे धरूनच चालले की झालंय. तेव्हा नाही म्हटलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं गं. दहा वर्षांनी कसं म्हणणार? वीस वर्षांनी? मुलीच्या वेळी नवरा होता, तो बसला तिच्या शेजारी. त्याला एकट्याला माहीत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, मूर्ख आहेस, एवढीशी गोष्ट एवढी वर्षं उराशी धरून बसलीस, मला सांगता आलं नाही? बरंच बोलले. ती ऐकत होती. आणि बोलता बोलता माझंच तोंड बंद झालं. त्या रविवारी आम्ही अकराजणी वेदीपुढे रांगेत उभ्या होतो. बारावी जागा रिकामी होती. मी वर्गात गणितात पहिली यायचे, आणि मला अकरा आणि बारामधला फरक कळला नाही. तिनं इस्त्री केलेला फ्रॉक अंगावर होता आणि ती कुठे आहे हे मी त्या दिवशी विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतर कधीच नाही. वर महिन्यापूर्वी वर्गात विचारलं होतं, कोणी हात धरलाय. मला माझीच इतकी लाज वाटली की मी रडायला लागले आणि तिलाच उठून मला पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळच्या आत मी तिला पाळकांकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा घसरला तो वर करायचंही विसरले.

"उद्याही करता येईल," ते म्हणाले. "इथेच, या खोलीत, आपण तिघं. मंडळीला कळायची काही गरज नाही. नातीच्या दिवशी तुम्ही नेहमीसारख्या तिच्या शेजारी बसा."

माझा जीव भांड्यात पडला. कडकचा मात्र चेहरा बदलला नाही. "इतकं सोपं?" तिनं विचारलं.

"सोपंच असतं ते."

"मी इतकी वर्षं कापडं धुतली, पाळकसाहेब. मोबदला घेतला नाही कारण... हक्क नसताना एखाद्या घरात वावरायचं तर काम तरी केलं पाहिजे ना माणसानं."

आम्ही कृपेचं नाव दर रविवारी दहा वेळा घेतो, ती फुकट मिळते असं पोरांकडून पाठ करून घेतो, आणि आमच्या वेदीमागे एक बाई अठ्ठेचाळीस वर्षं तिचं भाडं भरत होती. "कडकबाई," पाळक म्हणाले, "कापडांसाठी आभार. पण तुमचं ताट त्यावर अडलेलं नव्हतं. ते पहिल्या दिवसापासून वाढून ठेवलेलं आहे."

कडक उठली. दारापर्यंत गेली आणि वळली, आख्खी, शाळेत वळायची तशी. "या खोलीत नको," ती म्हणाली. "मागच्या दारानं खूप वावरले. करायचं तर नातीबरोबर, सगळ्यांसमोर."

बोलायला बोलून गेली, पण पुढचे दोन आठवडे तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चारचौघांत ज्या बाईनं कधी खाली मान घातली नाही, तिला आता तीनशे माणसांसमोर सांगायचं होतं की मी तुम्हाला इतकी वर्षं फसू दिलं. नातीला तिनं सांगितलं तेव्हा पोर आधी आ वासून बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आजी, आपण दोघी एकाच वर्गात!" रोज सकाळी ती आजीची उजळणी घ्यायला लागली. उत्तर चुकलं की माझ्यासारख्या कपाळाला आठ्या घालायची, असं कडकनंच सांगितलं.

तो रविवार उजाडला. आता मुलंमुली चर्चचे पांढरे झगे घालतात. नऊ मुलांचे नऊ आणि कडकचा दहावा. उपासनेला वीस मिनिटं होती. मी वेदीमागच्या खोलीत गेले तर नऊ झगे हँगरवर ओळीनं, चुणी नाही की घडी नाही. कडक खिडकीशी उभी. तिच्या हातात दहावा झगा, चुरगळून गोळा झालेला.

"याला वेळ झाला नाही," ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "राहू दे गं. लोक हसतील. आज नातीचं होऊ दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. मी काही बोलले नाही, हेच माझ्या रागाचं सगळ्यात वरचं टोक. तिच्या हातातून झगा ओढला. त्या खोलीत एक जुनी इस्त्री असते, आयत्या वेळी वेदीचं कापड नीट करायला. ती लावली, टेबलावर चादर टाकली आणि सुरू केलं.

"आधी पाणी मार," कडक म्हणाली.

"गप्प बस."

"अगं, बाही आधी, मग पाठ! उलटं कोण करतं?"

"मी करते."

"जळेल ते, फार तापलीय ती... जळलं बघ!"

खालच्या काठाशी, शिवणीजवळ, एक तपकिरी त्रिकोण उमटला. एका बाहीला दोन समांतर रेघा पडल्या. कॉलर एकीकडे वर, एकीकडे खाली. आयुष्यात इतकं वाईट काम मी कधी केलेलं नव्हतं. तिच्या दुकानात असं कापड आलं असतं तर तिनं गिऱ्हाइकाला हाकललं असतं. घंटा वाजायला लागली. मी झगा तिच्यासमोर धरला.

"मागच्या वेळी माझा तू केलास," मी म्हणाले. "हा घे."

तिनं त्या झग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खूप वेळ बघत होती असं मला वाटलं, पण घंटेचे ठोके सात-आठच झाले असतील. मग तिनं हात वर केले आणि मी तिला तो घातला. आरशात तिनं पाहिलं नाही.

रांग निघाली. नऊ पोरं आणि शेवटी पांढऱ्या केसांची कडक. बाकांवर कुजबुज सुरू झाली. कोणाला वाटलं नातीला सोडायला आलीय, कोणाला वाटलं हात धरून न्यायला. वेदीपुढे सगळे थांबले तशी तीही थांबली आणि कुजबुज वाढली. पाळकांनी एकेकाला एकेक प्रश्न विचारला. नातीनं सहावी आणि सातवी आज्ञा बरोबर क्रमानं सांगितली, त्याबद्दल मी आयुष्यभर तिची ऋणी आहे. मग कडकची पाळी.

"या भोजनाला कोणी यावं?" पाळकांनी विचारलं.

याचं चार ओळींचं उत्तर मी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तिनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. मी पहिल्या बाकावरून नुसत्या ओठांनी दुसरी ओळ सांगत होते. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली.

"पाठ केलं होतं, गेलं," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "माझ्या शब्दांत सांगते. इथे 'तुमच्यासाठी' म्हणतात, ते त्या मागच्या खोलीत ऐकू येतं. मी अठ्ठेचाळीस वर्षं ते दाराआडून ऐकलं. वाटायचं, हे इकडच्या लोकांना म्हणतायत. माझं दृढीकरण झालेलं नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. माझं चुकलं." ती थांबली, दम घेतला. "ज्याला ते आपल्याला म्हटल्यासारखं ऐकू येतं, त्यानं यावं. मला आता येतंय."

नळवाला मागच्या बाकावर उठून उभा राहिला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग नर्स उठली. मग सगळेच उठले. पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, इतरांच्या ठेवला तसाच, तेवढाच वेळ.

त्या रविवारी प्याला धरायची पाळी माझी होती. ती दोन महिन्यांपूर्वीच लागलेली, मी मागून घेतलेली नव्हती. नात आणि आजी शेजारी शेजारी गुडघे टेकून होत्या. पाळक भाकर देत पुढे गेले, मागून मी. नातीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मी कड पुसली आणि कडकसमोर आले. म्हणायचे शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत. त्या दिवशी मला ते एकेक करून म्हणावे लागले. ती प्यायली. मी रुमालानं कड पुसली. ती हळूच म्हणाली, "प्याला सरळ धर, सांडशील." मी पुढच्या माणसाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. कारण काही नव्हतं, पाय तिकडे वळले. मोरीपाशी घमेलं, घमेल्यात साधं पाणी, बाजूला रुमालांची चळत. जळका झगा धुऊन दोरीवर वाळत होता. तो टाकून नवा शिवू या, असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "कशाला? घालण्यासारखा आहे."

मग तिनं वरचा रुमाल उचलला आणि उजेडाकडे धरला. लालसर ठिपके, अर्धगोल, एकावर एक चढलेले. इतकी वर्षं ती ते बघून कोण कुठला ते सांगायची. आता एका ठिपक्यावर तिनं बोट ठेवलं, सुरकुतलेलं, पाण्यानं पांढरं पडलेलं.

"हा माझा," कडक म्हणाली.

आम्ही दोघी तो बघत उभ्या राहिलो. बाहेर गिऱ्हाईक येऊन घाई करत होतं, तिनं त्याला थांबायला सांगितलं. मग तिनं रुमाल पाण्यात खळबळला, घमेलं उचललं आणि सगळं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं.